ऑक्सिजन धातू आहे काय?

‘ऑक्सिजन हा धातू आहे’ हे वाक्य मराठी शाळेच्या फळ्यावर लिहिले तर ते चूक. तेच वाक्य शेजारच्या कन्नड शाळेच्या फळ्यावर कन्नडात लिहिले तर ते बरोबर. मराठीत धातू म्हणजे लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम. कन्नड पाठ्यपुस्तकात ‘धातु’ म्हणजे मूलद्रव्य, मग ते गंधक असो, सोने असो की हवेतला वायू असो. आपण ज्याला धातू म्हणतो त्याला कन्नडात ‘लोह’ म्हणतात. म्हणजे तिकडे सोनेही लोह आणि तांबेही लोह. आपल्या कानाला मात्र लोह म्हणजे लोखंडच.

शब्दांची गंमत म्हणून हे सोडून देता आले असते. पण सीमाभागातल्या मराठी शाळांत जे उद्या विज्ञान शिकवणार आहेत, त्या डी.एड.च्या मुलामुलींच्या डोक्यात हे दोन्ही धातू एकाच वेळी नांदत आहेत. (डी.एड.चे नाव आता डी.एल.एड. झाले आहे, पण आपल्याकडे अजून कुणाच्या तोंडात ते बसलेले नाही.) दरवर्षी सराव पाठांसाठी ही मंडळी आमच्यासारख्या खेड्यातल्या शाळेत येतात. खडू, तक्ते, पाठाच्या वह्या, सगळे व्यवस्थित असते. पाठ संपला की चहा घेता घेता मी त्यांना दोन-चार प्रश्न विचारतो. परीक्षा म्हणून नव्हे. त्यांच्या मनात काय चित्र आहे ते कळावे म्हणून. गेल्या काही वर्षांत जे ऐकले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. कारण ज्या मुलांना हे शिक्षक शिकवणार ती तुमची-आमची मुले आहेत, आणि ‘मराठीतून विज्ञान होत नाही’ असे म्हणून पालक मराठी शाळेतून दाखले काढून नेऊ लागले आहेत.

एक शब्द, दोन अर्थ

आधी भाषेचा भाग घेतो.

मराठीत मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू, आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू. कन्नडात त्या लहान कणाला ‘परमाणु’ म्हणतात, आणि आपण ज्याला रेणू म्हणतो त्याला ‘अणु’. हिंदीत असेच, गुजरातीत असेच, तेलुगूतही असेच. म्हणजे ही अडचण बेळगाव-खानापूर-निपाणीपुरती नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरात, बडोद्याच्या मराठी घरात, हैदराबादच्या मराठी घरात आजोबा ज्याला अणू म्हणतात तो नातवाच्या पुस्तकात परमाणू असतो, आणि नातू ज्याला अणू म्हणतो तो आजोबांचा रेणू. हिंदीतला ‘अणुभार’ म्हणजे रेणूचा भार. जुन्या मराठी पुस्तकातला ‘अणुभार’ म्हणजे अणूचा. ऑक्सिजनचा अणुभार किती, असे विचारले तर मराठीत उत्तर 16 आणि हिंदीत 32. दोघेही बरोबर आहेत. मधे सापडलेल्या पोराचे गणित तेवढे चुकते.

कन्नड मुलांचीही यातून सुटका झालेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारवारजवळच्या कैगा प्रकल्पाला कन्नड वर्तमानपत्रे ‘अणुविद्युत स्थावर’ म्हणतात. म्हणजे पाठ्यपुस्तकात अणु म्हणजे रेणू आणि वर्तमानपत्रात अणु म्हणजे अणू. घरात पेपर येत असला तर त्या पोराचा गोंधळ दुप्पट.

हे असे का झाले? कणादांच्या वैशेषिक दर्शनात सर्वांत बारीक तो परमाणू. दोन परमाणूंचे एक द्व्यणुक. तीन द्व्यणुके मिळून त्र्यणुक. त्यालाच त्रसरेणू असेही म्हटले आहे: कौलाच्या फटीतून कवडसा पडला की त्यात नाचताना दिसतो तो धुळीचा कण. पुढे पाश्चात्य रसायनशास्त्र देशी भाषांत आणायची वेळ आली तेव्हा जवळजवळ सगळ्या भाषांनी परमाणू आणि अणू ही जोडी उचलली. मराठीने अणू आणि रेणू ही जोडी घेतली. ‘अणुरेणू’ हा जोडशब्द आपल्या बोलण्यात आधीपासून होताच. दोन्ही जोड्यांना परंपरा आहे, दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. कुणाचे चुकले हे ठरवण्यात काही अर्थ नाही. मात्र दोन्ही जोड्या ज्या वर्गात एकत्र येतात, तिथल्या शिक्षकाला दोन्ही माहीत असल्याच पाहिजेत. आज नेमके तेच नाही.

तिसरा शब्द क्षार. आपल्या नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते भांड्याला धरतात, हे घरोघर ठाऊक आहे. मराठी रसायनशास्त्रात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून जे उरते ते. खायचे मीठ हा त्यातला एक. कन्नडात ते ‘लवण’. आपल्या आम्लारीला तिथे ‘प्रत्याम्ल’ म्हणतात, आणि ‘क्षार’ म्हणजे पाण्यात विरघळणारे आम्लारी, म्हणजे जुन्या मराठीतला अल्क. तेलुगूतही क्षार शब्द आम्लारीच्या बाजूला. गुजरातीत मात्र क्षार म्हणजे आपल्यासारखेच. बडोदेकर इथे सुटले. गेल्या वर्षी एका छात्राध्यापिकेने सातवीच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिले: ‘आम्ल + क्षार = लवण + पाणी’. कन्नड पुस्तकाच्या हिशेबाने तिचे फारसे चुकले नव्हते. मराठी पुस्तक उघडून बसलेल्या मुलांना मात्र त्याचा अर्थ असा लागला, की आम्लात मीठ घातले की मीठ आणि पाणी मिळते. एकानेही विचारले नाही. सगळ्यांनी मुकाट्याने उतरवून घेतले. मला त्या मुलीच्या चुकीपेक्षा या मुकाटपणाची जास्त काळजी वाटली.

आणखी एक जाता जाता. कन्नडात वायूला ‘अनिल’ म्हणतात. घन, द्रव, अनिल. आमच्या वर्गात अनिल नावाचा मुलगा होता, त्या वर्षी तो धडा कुणी विसरले नाही. असे भाग्य प्रत्येक धड्याच्या वाट्याला येत नाही.

या मुलामुलींना दोष देण्याचे कारण नाही. सातवी-आठवीपर्यंत मराठी, मग कुणी कन्नड माध्यमात गेले, कुणी बारावी इंग्रजीतून केली. प्रशिक्षणाच्या टिपा कन्नडातून, क्लस्टरच्या बैठका कन्नडातून, मोबाईलवर पाहायचे व्हिडिओ हिंदीतून. शिकवायचे मात्र मराठीतून. बहुतेक जण कला शाखेतून आलेले असतात. विज्ञानाशी शेवटची भेट दहावीच्या परीक्षेत झालेली. चार भाषांचे शब्द एका पिशवीत भरले आणि पिशवी हलवली, तर हाताला लागेल तो शब्द बाहेर येणार.

उकळत्या पाण्यातले बुडबुडे

पण भाषेच्या नावावर सगळेच खपवू नये. आमच्या समितीतल्या काही मित्रांना माझे हे म्हणणे रुचत नाही. मराठी परिभाषा नीट झाली, पुस्तके वेळेवर आली की सारे सुरळीत होईल असे त्यांना वाटते. परिभाषा हवीच. पण शब्द बरोबर वापरणाऱ्या छात्राध्यापकालाही मी जेव्हा विचारतो, ‘पाणी उकळताना खालून बुडबुडे येतात, त्या बुडबुड्यांत काय असते?’ तेव्हा उत्तर येते, ‘हवा.’ जो जरा हुशार असतो तो म्हणतो, ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पाणी त्या दोघांचेच बनलेले आहे ना सर!’

इथे शब्द एकही चुकलेला नाही. चित्र चुकले आहे. त्या बुडबुड्यांत पाणीच असते, वाफेच्या रूपातले. सुरुवातीला भांडे तापताना जे बारीक बुडबुडे काठाला चिकटलेले दिसतात ती पाण्यात विरघळलेली हवा. पण पुढे खदखदून जे येतात ती वाफ. त्या वाफेवर थंड ताट धरले की पाण्याचे थेंब परत मिळतात. उकळल्याने पाण्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन झाले असते तर एव्हाना आपल्या एकाही स्वयंपाकघराचे छप्पर जागेवर राहिले नसते. पाणी फोडायला वीज लागते, किंवा दोन हजार अंशांच्या पुढची उष्णता लागते. चुलीला ते जमत नाही.

ही समजूत केवळ आपल्याकडची आहे असे कुणी समजू नये. न्यूझीलंडमध्ये ऑस्बर्न आणि कॉसग्रोव्ह या दोघा अभ्यासकांनी 1983 साली आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना हाच प्रश्न विचारल्याचे प्रसिद्ध केले, आणि तिथेही हवा, उष्णता, हायड्रोजन-ऑक्सिजन अशीच उत्तरे आली. वरच्या वर्गातली मुले तर हायड्रोजन-ऑक्सिजनकडे अधिक झुकलेली. म्हणजे शिकवल्यामुळे चूक कमी झाली नाही, तिने अधिक विद्वान पोशाख घातला. पुढे निरनिराळ्या देशांत भावी शिक्षकांचाच असा अभ्यास झाला, तेव्हा मुलांच्या समजुती आणि त्यांना शिकवणार असलेल्यांच्या समजुती यांत फार अंतर नाही असेच दिसून आले. यात आश्चर्य कसले? शिक्षक हा कालचा विद्यार्थीच. मधल्या काळात कुणी त्याचे चित्र तपासले नसेल तर ते जसेच्या तसे पुढच्या पिढीकडे जाते.

उकळण्यावरून एक स्थानिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुस्तकात पाणी 100 अंशांना उकळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. थर्मामीटर शंभराला पोहोचत नाही तेव्हा छात्राध्यापक म्हणतात, ‘थर्मामीटर खराब आहे.’ वहीत मात्र 100 लिहितात. कारवारला समुद्रकाठी हाच प्रयोग केला तर शंभर येईल. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आकड्यापेक्षा छापील आकडा खरा, ही सवय एकदा लागली की प्रयोग करण्यात अर्थच उरत नाही.

दुसरा प्रश्न मी विचारतो, ‘पाण्याच्या दोन रेणूंच्या मधे काय असते?’ उत्तर: ‘पाणी’. किंवा ‘हवा’. काही नसते, मोकळी जागा असते, हे मनाला पटतच नाही. तापवल्यावर रॉकेल किंवा लोखंड प्रसरण का पावते, याचे उत्तर ‘रेणू फुगतात’. रेणू फुगत नाहीत. ते अधिक जोराने हलतात आणि एकमेकांपासून दूर सरकतात. ग्लासगो विद्यापीठातील ॲलेक्स जॉनस्टोन यांनी याचे मर्म नेमके सांगितले आहे. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते: डोळ्यांना दिसते ते, न दिसणाऱ्या कणांचे, आणि कागदावरच्या खुणांचे. जाणकार माणूस या तिन्हींत सहज ये-जा करतो. नवख्याला तिन्ही एकदम वाढले की त्याच्या पानात काला होतो. आमच्या छात्राध्यापकाला ‘एच टू ओ’ पाठ असते, पाणी रोज दिसते, पण या दोहोंच्या मधला कणांचा मजला त्याच्या घरात बांधलेलाच नाही. तो थेट तळमजल्यावरून गच्चीवर उडी मारतो.

विरघळणे आणि वितळणे हीही अशीच जोडी. मराठीत दोन शब्द आहेत हे आपले भाग्य, पण आपण ‘बर्फ विरघळला’ असेच म्हणतो. कन्नडात बर्फालाही आणि साखरेलाही बोलण्यात ‘करगु’ हे एकच क्रियापद. गुजरातीत दोहोंना ‘ओगळवुं’ चालते. बर्फ वितळला तर तिथे एकच पदार्थ असतो, पाणी. साखर विरघळली तर तिथे दोन पदार्थ असतात. बोलताना काय म्हणायचे ते म्हणावे, पण शिक्षकाच्या मनात हा फरक दगडावर कोरल्यासारखा पाहिजे.

वजन गेले कुठे?

आता सर्वांत मोठी अडचण. माझ्या मते रसायनशास्त्राचा पाया अणू-रेणू नव्हे. पाया आहे तराजू. छात्राध्यापकांना विचारावे, ‘मेणबत्ती जळून संपली, मेण गेले कुठे?’ बहुतेक जण म्हणतात, ‘संपले’, ‘उष्णतेत रूपांतर झाले’. ‘लाकूड जाळले तर राख हलकी, तशी मॅग्नेशियमची फीत जाळली तर राख हलकी की जड?’ ‘हलकीच.’ ‘लोखंडी खिळा गंजला, वजन?’ ‘कमी होणार. गंज लोखंड खातो ना सर.’ इथे आपली भाषाच त्यांना फसवते. गंज खातो, आग गिळते, मेण संपते. सगळे शब्द नाहीसे होण्याचे.

प्रत्यक्षात 24 ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण जळले तर पांढरी राख 40 ग्रॅम भरते. 16 ग्रॅम ऑक्सिजन हवेतून येऊन तिला मिळालेला असतो. गंजलेला खिळा, गंज झटकला नाही तर, जड भरतो. मेणबत्तीचा हिशेब तर फारच बोलका आहे. 14 ग्रॅम मेण जळताना हवेतला सुमारे 48 ग्रॅम ऑक्सिजन घेते आणि त्यातून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 18 ग्रॅम पाण्याची वाफ होते. 14 आणि 48 मिळून 62. 44 आणि 18 मिळून 62. ‘संपलेली’ मेणबत्ती मूळ मेणाच्या चौपटीहून अधिक वजनाची होऊन खोलीभर पसरलेली असते. हे ऐकल्यावर एक छात्राध्यापक कितीतरी वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘सर, म्हणजे वायूला वजन असते?’ तो बी.ए. झालेला मुलगा होता. मला त्याचा प्रश्न फार आवडला. पुढचा सगळा धडा त्या प्रश्नात होता.

जळताना काहीतरी बाहेर निघून जाते, ही समजूत मूर्खपणाची नव्हे. अठराव्या शतकात युरोपातले मातब्बर रसायनशास्त्रज्ञ तेच मानत होते. त्या निघून जाणाऱ्या पदार्थाला त्यांनी फ्लॉजिस्टन असे नाव दिले होते. लव्हाझिएने बंद भांडी आणि तराजू वापरून दाखवले की जळणारा पदार्थ काही टाकत नाही, हवेतून काही घेतो. त्या वायूला त्याने ऑक्सिजन नाव ठेवले. त्याचा अर्थ आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा असलाच पाहिजे असे त्याला वाटले, आणि इथे मात्र तो चुकला. मिठाच्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन नाही. लव्हाझिएच्या मृत्यूनंतर, 1810 साली, हम्फ्री डेव्हीने क्लोरिन हे ऑक्सिजन नसलेले मूलद्रव्य आहे हे सिद्ध केले तेव्हा ही चूक उघड झाली. पण नाव तसेच राहिले, आणि कन्नडात त्याचे शब्दशः ‘आम्लजनक’ झाले. म्हणून आमचे कन्नडातून शिकलेले छात्राध्यापक ठामपणे सांगतात की आम्ल म्हटले की ऑक्सिजन आलाच. आपल्या ‘प्राणवायू’नेही वेगळा घोटाळा केला आहे. तो जीव जगवतो, मग लोखंड गंजवायला तो का जाईल, असे मुलांना वाटते. नाव नुसतेच पाठ केले की ते असे अंगावर उलटते. नावाची गोष्ट सांगितली तर त्याच नावातून एक तास रंगतो.

तराजूचे रसायन आपल्या गावातच पडलेले आहे. चुन्याची भट्टी पाहिलेली माणसे अजून आहेत. किनाऱ्याकडे गोव्यात आणि कारवारकडे शिंपल्या भाजून चुना करीत. 100 किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की 56 किलो कळीचा चुना उरतो. 44 किलो कार्बन डायऑक्साइड भट्टीच्या तोंडातून आकाशात जातो. त्या कळीवर पाणी ओतले की ती फुसफुसते, तापते, आणि 56 किलोला 18 किलो पाणी बांधले जाऊन 74 किलो विरीचा चुना होतो. तो भिंतीला लावला की हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत गेलेला दगड भिंतीवर परत आला! गुऱ्हाळात उसाच्या रसात चुन्याची निवळी घालतात ती रसातले आम्ल मारायला आणि मळी वर आणायला. निपाणीच्या बाजूच्या शेतकऱ्याला ती किती घालायची हे हाताच्या अंदाजाने कळते. आम्ल-आम्लारीचा धडा त्या काहिलीवर उभे राहून शिकवता येतो. आमचे छात्राध्यापक त्याच गुऱ्हाळाच्या बाजूच्या रस्त्याने येतात आणि वर्गात येऊन लिटमस कागदाचे चित्र दाखवतात.

मग करायचे काय?

यावर आमच्या समितीत दोन बैठका झाल्या. एक गट म्हणतो, सगळ्या संज्ञा इंग्रजीच ठेवा, पुढे पी.यू.ला इंग्रजीच आहे. दुसरा म्हणतो, शुद्ध मराठी हवी, नाहीतर आपली भाषा बाजारहाटापुरती उरेल. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. ‘ॲटम’ म्हटल्याने कणाचे चित्र मनात उभे राहत नाही. ‘अणू’ म्हटल्यानेही राहत नाही. आणि शेजारच्या भाषेकडे पाठ करून बसणे तर या भागात परवडणारेच नाही. चौथी-पाचवीपासूनच मुलांच्या कानावर कन्नड शब्द पडतात. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून निघालेले मूल पाचवीत इंग्रजीत जाते. शब्द बदलणार हे गृहीत धरूनच शिकवले पाहिजे.

म्हणून आम्ही एक साधा तक्ता केला आहे. धातू, अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग, क्षार, आम्लारी, वायू, असे वीस-बावीस शब्द. प्रत्येकापुढे मराठी, कन्नड आणि इंग्रजी नाव, सगळे देवनागरीत. आणि शेवटच्या रकान्यात शब्द नव्हे तर चित्र. अणूपुढे एक ठिपका, रेणूपुढे जोडलेले ठिपके. भाषा कोणतीही असो, ठिपके तेच राहतात. सराव पाठाला आलेल्या प्रत्येकाने पाठाआधी या तक्त्यावरून एक नजर फिरवायची. तालुक्यातल्या एका कन्नड शाळेच्या मुख्याध्यापकांनीही तो मागून नेला. त्यांच्याकडेही अणूचा घोळ आहेच.

दुसरे, प्रयोग आधी छात्राध्यापकाने स्वतः करायचा, आणि करण्यापूर्वी काय होईल ते कागदावर लिहायचे. ही कल्पना नवी नाही. मध्य प्रदेशात 1972 साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांना उन्हाळी शिबिरात बसवून मुलांच्या पुस्तकातले प्रयोग स्वतः करायला लावत, चुकू देत, वाद घालू देत. पुढे एकलव्य या संस्थेने ते काम वाढवले. 2002 साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. पण त्या शिबिरांत बसलेल्या शिक्षकांची शिकवण्याची तऱ्हा बदलली, हे तिकडचे जुने लोक अजून सांगतात. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 सालापासून विज्ञान शिक्षणाचेच काम करीत आहे. विज्ञान समजण्याच्या आड भाषा कशी येते याचा विचार तिथे झालेला आहे, आणि तोही मराठी मुलांच्या संदर्भात. हे सगळे आपल्या हाताशी आहे. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहायला नको.

अडचण आहे ती काट्याची. शाळेच्या कपाटातला जुना तराजू गंजला आहे (वजनात तो जडच झाला असणार), आणि बारीक वजने हरवली आहेत. आम्ही सध्या किराणा दुकानातला डिजिटल काटा तासाभरासाठी मागून आणतो. तो पाच ग्रॅमच्या खाली नीट दाखवत नाही, म्हणून चमचाभर साखर घेऊन भागत नाही. ज्या शाळांना किंवा पालकांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी माप मोठे घ्यावे. काट्यावर रिकामा डबा ठेवून आकडा शून्य करावा. त्यात 200 ग्रॅम पाणी घालावे. 100 ग्रॅम साखर वेगळी मोजून घ्यावी. ती पाण्यात टाकण्यापूर्वी, ढवळून पूर्ण दिसेनाशी झाल्यावर काटा किती दाखवील, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यावे. चिठ्ठ्यांवर 200 येईल, 250 येईल, 300 येईल. शिक्षकांनीही चिठ्ठी लिहावी. मग साखर टाकून ढवळावे, आणि डबा पुन्हा काट्यावर ठेवावा.